माप चालू असताना

आबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा गरज नव्हती. माझं सासर भूममध्येच, तुमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, आणि तुमचं वाचन म्हणजे एसटीची पाटी, तीही अक्षर मोठं असेल तर. आता ती अडचण उरली नाही. कशासाठी लिहितेय ते ऐकून तुम्ही हसाल. मला धंद्याचा हिशेब ठेवायला एक फुकटचं सॉफ्टवेअर निवडायचं होतं. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकातली वही समजा. कागद नाही, शाई नाही, बेरीज-वजाबाकी आपली आपण करते. एवढीशी गोष्ट, पण त्यात तुम्ही असे काही मध्ये आलात की दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही.

धंदा येसरचा आहे. खरं वाटणार नाही तुम्हाला. आई ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजायची, धने-मसाल्यासंगं दळून डब्यात भरून ठेवायची, आणि घरात भाजी नसली की त्याचीच आमटी व्हायची. ते येसर आता लोक पुण्या-मुंबईत पैसे मोजून मागवतात. पुडीवर ‘गावाकडची चव’ असं लिहिलं की दोन पुड्या जास्तच जातात. तुमचे जावई गेले त्याला सहा वर्षं झाली. लेक पुण्यात नोकरीला. घरात मी, आणि आवाज करायला मिक्सर. लेकीनंच पहिल्यांदा पुड्यांचे फोटो काढून फोनवर टाकले आणि हळूहळू ऑर्डरी यायला लागल्या. येसर, काळं तिखट, शेंगांची चटणी. सकाळी भाजायचं, गिरणीतून दळून आणायचं, दुपारी पुड्या बांधायच्या. चारला कुरिअरवाला येतो. तो हाक मारत नाही, रस्त्यावरूनच हॉर्न वाजवतो. मी पिशवी देते, तो फोनवर बोट फिरवतो आणि जातो. रविवारी हॉर्नही नसतो.

दिवाळीला लेक आली होती. भाऊबीज झाल्यावर परत निघायच्या आधी तिनं माझ्या वह्या चाळल्या आणि कपाळाला हात लावला. “आई, खरं सांग, यातून काही उरतं का?” मी म्हटलं, “उरतं की.” “किती?” “पोटापुरतं.” ती म्हणाली, “हा आकडा नाही. तू पहाटेपासून भाजत बसतेस, हाताला फोड येतात, खोकतेस. उरत असेल तर मी गप्प बसते. पण पाडव्यापर्यंत मला वर्षाचा हिशेब नीट दाखव. फायदा असेल तर पुन्हा शब्द काढणार नाही. तोटा असेल तर हे सगळं बंद करायचं आणि माझ्याकडं यायचं. एक खोली रिकामीच आहे.” मी म्हटलं, “ठरलं. दाखवते.” आवाज असा लावला की जसं काही मोंढ्यातली धान्याच्या गाळ्यांची अख्खी ओळ माझ्याच मालकीची आहे. तुमचीच पोर मी. जाताना ती आपला जुना लॅपटॉप ठेवून गेली आणि म्हणाली, फुकटातही चांगली सॉफ्टवेअर मिळतात, तीनचार बघ आणि एक निवड.

फुकट ते पौष्टिक, असं म्हणून मी बघायला लागले. पहिलं फोनवरचं होतं, मराठीत. उघडलं की एक बाई गोड आवाजात “नमस्कार व्यापारी मित्र” म्हणायची. दोन दिवस मला ते आवडलंसुद्धा. घरात सकाळी सकाळी कुणीतरी नमस्कार करतंय. पण त्याला माझ्या फोनमधले सगळे नंबर हवे होते, आणि एक पुडी लिहिली की खाली कर्जाची जाहिरात, दुसरी लिहिली की विम्याची. दुसरं दिसायला देखणं. पण महिन्याला पन्नास बिलं फुकट, एक्कावन्नावं लिहायला गेलं की पैसे, आणि ते असे की नाकापेक्षा मोती जड. शिवाय माझी वही मला परत न्यायची असेल तर त्याचेही वेगळे पैसे. म्हणजे घर माझं आणि किल्ली त्यांच्याकडं. तिसरं लॅपटॉपवर चालणारं, रुक्ष, अर्धं इंग्रजी. कुठल्याकुठल्या देशातल्या लोकांनी मिळून हौसेनं बनवलेलं आहे म्हणे. कुणी मालक नाही, जाहिरात नाही, आणि लिहिलेलं सगळं कधीही आपल्या हातात परत.

माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर नमस्कार करणाऱ्या बाईपाशीच थांबलं असतं. मला तुमचा चहा आठवला. बाजाराच्या दिवशी धान्याच्या ओळीत तुम्ही पायलीनं माप घालायला बसायचात. एका बाजूला विकणारा शेतकरी, दुसऱ्या बाजूला घेणारा आडत्या, मध्ये ज्वारीची रास आणि राशीपुढं तुम्ही उकिडवे. आडत्या चहा मागवायचा. तुमच्यापुढं कप यायचा, त्यावर साय धरायची, माशी बसायची, पण माप पुरं होईस्तोवर तुम्ही कुणाचाच चहा तोंडाला लावायचा नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणालात, “ज्याचा च्या पिला त्याच्याकडं हात झुकतो. आपुन न झुकवता झुकतो, म्हणून प्यायाचा न्हाय.” तर आबा, पहिलं सॉफ्टवेअर कर्जवाल्यांचा चहा पीत होतं. मी तिसरं घेतलं. घ्यायच्या आधी तुमच्यासारखीच पारखही केली. नवं माप आणलं की तुम्ही जुन्या मापानं तेच धान्य मोजून नव्यात ओतायचात, परत उलटं ओतायचात. मी दिवाळीच्या आधीचा एक आठवडा, जो मला पुडीन् पुडी पाठ होता, तो तिन्हींत हातानं भरून बघितला. तिसऱ्यात रुपयाचाही फरक पडला नाही.

हे सॉफ्टवेअर सुरू करताना ते शंभर प्रश्न विचारतं. धंद्याचं नाव काय, वर्ष कधीपासून, माल कुठला. मग एक चौकट येते: तुमच्याबरोबर आणखी कोण काम करतं, त्याचं नाव लिहा, त्याला निमंत्रण पाठवू. मी ती चौकट बराच वेळ बघत बसले. लेकीचं नाव लिहावं तर ती म्हणणार, मला वेळ कुठंय. शेवटी मी ‘आबा’ असं लिहिलं. पुढं ईमेल मागितला. तो काय देणार? ती जागा रिकामी सोडली तरी नाव राहिलं. अजूनही उघडलं की माझ्या नावाखाली तुमचं नाव दिसतं, आणि त्यापुढं लिहिलेलं असतं, निमंत्रण पाठवलेले नाही.

मोजताना तुम्ही एक म्हणायचा नाहीत. आपल्याकडं कुणीच म्हणत नव्हतं. पहिल्या मापाला लाभ, मग दोन, मग तीन. आणि आकडा हातातून निसटू नये म्हणून पुढचं माप भरेपर्यंत तुम्ही तोच आकडा घोळवत राहायचात, लाभ लाभ लाभ, दोन दोन दोन, एका सुरात, डोळे राशीवर. त्या वेळी जगातली कुठलीही गोष्ट तुमच्या कानात शिरायची नाही. मी तिसरीत होते. शाळेत पहिला नंबर आला म्हणून धावत बाजारात आले. तुम्ही सतरावर होतात. “आबा! आबा!” मी ओरडतेय, तुमचं सतरा सतरा सतरा. मी बाही ओढली, पाटी तुमच्या डोळ्यांपुढं नाचवली, आणि तुम्ही वर बघून हसलात. हसलात आणि आकडा गेला. आडत्या म्हणाला, “सतरावं हाय, घाला पुढं.” ज्वारी आणलेली म्हातारी म्हणाली, “न्हाय वो, सतरा झालं, ह्ये अठरावं.” तुम्ही दोघांकडं बघितलं आणि म्हणालात, “मला ठावं न्हाय. माझा आकडा हरपला.” आणि मोजलेली सगळी ज्वारी परत राशीत ओतली. आडत्यानं शिव्या दिल्या, मागची माणसं ओरडली, ऊन तापलं होतं. तुम्ही लाभपासून सुरू केलंत.

घरी आल्यावर मला वाटलं आता मार बसणार. मारलं नाहीत. समोर बसवलंत आणि म्हणालात, “माप चालू असताना मापाड्याला बाप म्हणून हाक मारायची न्हाय. कळलं?” मी रडत म्हटलं, “आबा, तुम्हाला म्हाईत होतं की, सतरा झालेलं.” तुम्ही म्हणालात, “नव्वद टक्के म्हाईत होतं. म्हातारीचं धान्य धा टक्क्यावर कसं सोडू? हरपला तर हरपला म्हणायचं, त्यात लाज कसली?” मग उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवलात. पहिल्या नंबराचं बोलला नाहीत. पण पुढं माझ्या लग्नात सगळ्यांनी ताटंवाट्या दिल्या आणि तुम्ही तुमचा पितळी शेर दिलात. सासरची माणसं गालात हसली होती. आज येसरची ज्वारी मी त्यानंच मोजते. बाकी सगळ्याला इलेक्ट्रॉनिक काटा आहे, ज्या काट्यानं तुमचं काम गेलं तसलाच.

तर वर्षाच्या वह्या संगणकात घालायच्या होत्या. रोजचं एक पान: क्रमांक, गिऱ्हाइकाचं नाव, माल, पुड्या, पैसे. लेकीनं फोनवर सांगितलं, “आई, एकेक नको भरूस. सगळं आधी एका तक्त्यात टाईप कर, मग तो तक्ता एकदम आत घे. ते आपोआप वाचतं.” मी दीड महिना रोज दुपारी एका बोटानं टाईप केलं. खर्चाचं मात्र हातानंच भरलं: ज्वारी, मिरची, गिरणी, पिशव्या, कुरिअर, आणि रोज किती पुड्या बांधल्या तेही. पाडव्याला आठ दिवस असताना तक्ता आत घेतला. शेवटी इंग्रजीत काहीतरी बारीक सूचना आली, मी ठीक आहे म्हणून पुढं गेले. आणि खाली लाल अक्षरात आकडा आला. तोटा. थोडाथोडका नाही, भाजलेल्या बोटांची लाज वाटावी असा तोटा.

मला वाईट वाटायला हवं होतं, आबा. पाच वर्षं मी धुरात बसले होते. मी तो लाल आकडा बघितला आणि मला बरं वाटलं. एकदम हलकं. उठून कपाटावरची मोठी बॅग खाली काढली, पुसली. कुठल्या साड्या न्यायच्या, शेर न्यायचा की नाही, लेकीकडं संध्याकाळी ती आणि जावई कामावरून आले की आपण दार उघडायचं, चहा ठेवायचा, “आज उशीर झाला का गं” असं विचारायचं, हे सगळं मी चार दिवस मनात करत होते. गिरणीवाला म्हणाला, “मावशी, आज लई खुशीत?” मी म्हटलं, “व्हय.” मी हरले होते, आणि हरल्यामुळं मला काही मागावं लागणार नव्हतं. लेकच म्हणणार होती, चल. मी थोडे आढेवेढे घेणार होते आणि जाणार होते.

बंद करायचं तर शिल्लक माल किती ते बघायला हवं. संगणक म्हणाला, येसरच्या तीनशेच्या वर पुड्या शिल्लक आहेत. तीनशे पुड्या घरात असत्या तर मला पाय पसरायला जागा उरली नसती. फळीवर नजरेनंच पन्नासच्या आत दिसत होत्या. मोजल्या, एकेचाळीस. म्हटलं आपलंच चुकलं असेल, पुन्हा मोजू. फळीपुढं उभी राहिले, पहिल्या पुडीला हात लावला आणि मोठ्यानं म्हणाले, लाभ. आणि हात तिथंच राहिला.

माझ्या वहीत रोजच्या पहिल्या ओळीला क्रमांकाच्या जागी एक नाही, आबा. लाभ लिहिलेलं आहे. मग दोन, तीन, चार. वर्षभर, रोज. टाईप करतानाही माझ्या बोटानं तेच टाईप केलं, मला त्यात वेगळं काही दिसलंच नाही. संगणकाला त्या रकान्यात आकडा हवा होता. जिथं अक्षरं दिसली ती ओळ त्यानं सोडून दिली. त्या बारीक सूचनेत तेच लिहिलेलं होतं. दिवसाला चार-पाच ऑर्डरी, त्यातली पहिली रोज गळाली. ज्या दिवशी एकच ऑर्डर आली तो दिवस तर वर्षातूनच गेला. खर्च मात्र सगळा जमा. तुमचा लाभ मी इतका जपला की धंदाच बुडवला. मी फळीपुढं खाली बसले आणि एकटीच मोठ्यानं हसले, मग रडले.

आणि मग जे मनात आलं ते तुम्हाला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. मनात आलं की राहू दे असंच. लेकीला काय कळतंय? तिला लाल आकडा दाखवायचा, बॅग भरायची. चूक संगणकाची, खोटं मी बोललेच नाही. त्या दिवशी दुपारभर मी लॅपटॉप मिटून ठेवला होता. चारचा हॉर्न वाजला, पिशवी दिली, आत आले. शेरात ज्वारी तशीच अर्धी राहिली होती. ती बघितली आणि तुम्ही राशीत परत ओतलेलं ते सगळं धान्य आठवलं, ते ऊन, त्या शिव्या. काय बाप मिळालाय, असं म्हणत मी लॅपटॉप उघडला. तक्ता काढला, प्रत्येक लाभच्या जागी एक घातला. दोन दिवस लागले. पुन्हा आत घेतला. पुड्या बरोबर एकेचाळीस निघाल्या. आकडा काळा झाला. उरतं, आबा. पोटापुरतं नाही, चांगलं उरतं.

पाडव्याला गुढी उभारली आणि हिशेब लेकीला पाठवला. दहा मिनिटांत तिचा फोन. “आई! अगं, हे तर भारी आहे. मला वाटलं होतं तू उगाच हट्ट करतेस.” मी म्हटलं, “मी कधी उगाच हट्ट केलाय?” ती हसली. “बरं बाई, जिंकलीस तू. आता मी पुन्हा शब्द काढणार नाही, ठरल्याप्रमाणं.” मग म्हणाली, “त्या खोलीत मग मी माझं ऑफिसचं टेबल टाकते. चालेल ना?” मी म्हटलं, “चालेल की. टाक.” ती म्हणाली, “खूश आहेस ना?” मी म्हटलं, “व्हय, लई.” फोन ठेवला. बॅग परत कपाटावर चढवायला स्टूल लागलं.

हिशेब मी पैशापुरता खरा दिला. तुमच्यासारखं सगळ्यांसमोर ‘हरपला’ म्हणायला मला नाही जमलं. एवढंच म्हणायचं होतं की धंदा चालतोय, पण मला इथं करमत नाही, मला ने. चार शब्द. ती नाही म्हणाली नसती, हेही मला माहीत आहे. नव्वद टक्के माहीत आहे. हे पत्र घडी करून तुमच्या शेरात ठेवते, ज्वारी मोजायची असली की काढीन आणि परत ठेवीन. आजही दुपारी पुड्या बांधल्या. तुमच्यासारखाच आकडा घोळवत मोजते मी आता, लाभ लाभ लाभ, दोन दोन दोन, आणि कान दाराकडं असतो. कुणीतरी पळत यावं, मोजता मोजता माझी बाही ओढावी, आकडा हरपावा आणि सगळं पहिल्यापासून मोजावं लागावं, असं रोज वाटतं, आबा. एकदाही चुकत नाही माझा आकडा.